दिगंबरकाकांचा बंब

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले ती काही हौसेनं नव्हे. सभेला उशिरा पोचले आणि खुर्चीत टेकायच्या आत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून कोथरूडच्या या मधुमालती सोसायटीत कुणाच्या कुंडीतलं पाणी कुणाच्या स्कूटरवर पडतं आणि कुणाचा कुत्रा कुणावर भुंकतो, हे सगळं माझ्या दारात येतं. त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या दिगंबर घैसासांच्या घरातून वास येतो, ही तक्रारही माझ्याकडेच आली.

"कसला वास?" मी विचारलं.

"आंबूस," तक्रार करणाऱ्या बाई म्हणाल्या. "मला बाई नाव घ्यायलाही नको वाटतं. पण दारूसारखा."

मी त्यांच्या तोंडावरच हसले. दिगंबरकाका आणि दारू! हा माणूस लग्नात सरबताचा पेला हातात घेतला तरी आधी वाढप्याला विचारतो, यात काय काय घातलंय. खोकल्याच्या औषधावर बारीक अक्षरात अल्कोहोल लिहिलेलं दिसलं म्हणून त्यांनी ती बाटली दुकानात परत नेऊन दिली होती आणि वर दुकानदाराला अर्धा तास ऐकवलं होतं. पण तक्रार ती तक्रार. संध्याकाळी बँकेतून आल्यावर मी त्यांची बेल वाजवली.

काकांनी दार उघडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, घरात असूनही पायात बूट. "ये. चपला बाहेर," म्हणाले आणि मागच्या गॅलरीकडे चालायला लागले. मी मागोमाग गेले आणि दारातच थबकले.

गॅलरीत तांब्याचा मोठा बंब उभा होता. पूर्वी घरोघर आंघोळीचं पाणी तापवायला असायचा, तसलाच. फक्त त्याच्या डोक्यावरून एक जाड नळी थेट छतापर्यंत गेली होती आणि तिला एक जुनी गोधडी गुंडाळून सुतळीनं आवळली होती. वरून एक बारीक नळी वाकून, पाण्याच्या बादलीतून वळसे घेत खाली येत होती आणि तिच्या टोकातून एका काचेच्या बरणीत थेंब थेंब काहीतरी पडत होतं. सगळ्या सांध्यांवर कणकेचे गोळे थापलेले होते.

"काका, हे काय आहे?"

"बंब."

"ते दिसतंय मला."

"मग विचारतेस कशाला?"

आनंदीकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, नीट सांगा की तिला." मग काकांनी नीट सांगितलं, आणि नीट म्हणजे किती नीट हे त्यांच्याकडे कधी काही विचारलेल्या माणसालाच कळेल. मला ताकाचे दोन पेले प्यावे लागले.

काका भोसरीकडच्या एका औषधांच्या कारखान्यात कॉलम चालवायचे. कॉलम म्हणजे दुमजली घराएवढं उंच स्टीलचं नळकांडं. खाली द्रावण उकळतं, त्याची वाफ वर चढता चढता शुद्ध होत जाते आणि टोकाशी जे मिळतं त्यात दुसऱ्या कशाचा लवलेश राहत नाही. उष्णता जरा वाढवली की घाण वर येते, जरा कमी केली की काहीच येत नाही. हे सांभाळायला म्हणे कान लागतो. कॉलम चांगला चालला असला की एका विशिष्ट आवाजात गुरगुरतो, आणि काकांनी उभा जन्म ते गुरगुरणं ऐकण्यात घालवला होता.

मग देशाची दारं उघडली. तोच माल जहाजातून स्वस्तात यायला लागला आणि कारखान्यानं तो विभागच बंद करून टाकला. काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "यात स्वेच्छा कुणाची होती ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही," असं ते म्हणायचे. कॉलम भंगारात गेला. गॅस कटरनं त्याचे तुकडे केले त्या दिवशी काका बघायला गेले होते. कुणी गेलं की जातात तसे, धुतलेला शर्ट घालून.

घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. मुलगा सौमित्र संगणकात होता. तेव्हा कोथरूडमध्ये ज्या घरात दोन मुलं असतील त्यातलं एक संगणकात असायचं आणि दुसरं त्याच्या मागोमाग तिकडेच निघालेलं असायचं. हा एकुलता एक, तो थेट अमेरिकेत गेला होता. त्यानं घरी एक संगणक घेऊन दिला होता, त्यावर काकूंनी क्रोशाचं झाकण घातलं होतं. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तो म्हणायचा, "बाबा, आता तुम्हाला काहीही करायची गरज नाही. मस्त आराम करा." फोन ठेवला की काका बराच वेळ तिथेच बसून राहायचे.

"दाढीसुद्धा करेनात गं," काकू मला एकदा भाजी निवडताना म्हणाल्या होत्या. "वर्तमानपत्र उघडायचे आणि पहिल्याच पानावर थांबायचे. आणि एक दिवस काय सुचलं कोण जाणे, माळ्यावर चढले आणि सासूबाईंचा बंब खाली काढला. आता रोज सकाळी आंघोळ करून, बूट घालून गॅलरीत जातात. कामावर गेल्यासारखे. डबा मागायचे बाकी राहिलेत."

बंबाला हवे ते बदल तांबट आळीतल्या सीतारामनं करून दिले होते. आत पूर्वी लाकडं जळायची तिथे विजेची कॉइल आली. उंच नळीत भांडी घासायच्या तारेच्या घासण्या ठासून भरल्या होत्या. एवढ्या घासण्या घेतल्यावर दुकानदारानं विचारलं, काका, घरात भांडी तरी किती? काका म्हणाले, तुमच्या घासण्या संपल्या की सांगतो. तापमापक शनिवार पेठेतून, रबरी नळ्या बोहरी आळीतून. कणीक घरची.

"आणि यातून काय निघतं?" मी शेवटी विचारलं.

"न्यूट्रल स्पिरिट." काकांनी बरणी उजेडात धरली. आत पाणी असावं तसं काहीतरी होतं, पण पाण्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं. "गुळापासून कर, केळ्यांपासून कर, द्राक्षांपासून कर. नीट केलंस तर शेवटी हातात येतं ते एकच. स्पिरिटाचा म्हणून जो काय वास असतो तेवढाच. त्याच्यामागे मूळ पदार्थाचा मागमूस नाही. कूळ कळता कामा नये त्याचं."

"आणि मग ते प्यायचं?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई आठवल्या. "सुरुची, तू बँकेत आहेस. रोज नोटा खातेस का?"

मी त्यांना सांगितलं, काका, हे बेकायदेशीर आहे. ते म्हणाले, मी विकत नाही, पीत नाही, पाजत नाही. मी म्हटलं, कायदा काढण्याबद्दल आहे. ते म्हणाले, मग कायदा चुकलाय. मी आवाज चढवला, आठ दिवसांत हे सगळं गेलं पाहिजे म्हणून बजावलं आणि तणतणत जिना चढून घरी गेले. आठ दिवसांनी काका माझ्या घरी आले, माझा घरघरणारा टेपरेकॉर्डर उघडून कापसाचा बोळा त्या स्पिरिटात बुडवून आतून पुसून गेले आणि गाणं असं लख्ख ऐकू यायला लागलं की मी बंबाचा विषय पुन्हा काढला नाही. तक्रार करणाऱ्या बाईंना मी सांगितलं, काका व्हिनेगर करतात, तब्येतीला चांगलं असतं. त्यांनी पुढच्या आठवड्यात काकूंकडे वाटीभर मागितलं.

सुरुवातीचे घाणे फसले होते. गुळाच्या पहिल्या घाण्याला जळक्या टायरचा वास आला. केळ्यांच्या घाण्याला नखं रंगवायच्या रंगासारखा आला. तो त्यांनी मोरीत ओतला, तर चार दिवस खालच्या मजल्यावरचे लोक एकमेकांच्या मुलींकडे संशयानं बघत होते. काका खचले नाहीत. नळी हातभर वाढवली, गोधडी दुहेरी केली, आणि स्टुलावर बसून बंबाला कान लावून ऐकत राहिले. हळूहळू वास जायला लागला. मग एक दिवस पूर्ण गेला, असं काकांना वाटलं.

खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली. गेला असं वाटणं वेगळं आणि गेला असणं वेगळं. हे सांगणार कोण? स्वतःच्या नाकावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण ते स्वतःचं. काकूंच्या नाकावर नव्हता, कारण ती बायको. माझ्यावर नव्हता, कारण मला बारमाही सर्दी. पिणाऱ्या माणसाला विचारावं तर, "त्याला वास कुठला कळतोय, त्याला घाई असते," असं त्यांचं म्हणणं. त्यांना हवा होता या विषयातला खरा जाणकार. त्यानं वास घ्यावा आणि हे कशापासून केलंय ते आपल्याला कळत नाही असं तोंडानं म्हणावं. एवढं एक झालं असतं की माणूस सुखी होता. सौमित्रच्या 'मस्त आराम करा'ला उत्तर त्यांना त्यात दिसत होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघानं नेहमीप्रमाणे शाळेच्या पटांगणात व्याख्यानमाला ठेवली. आमच्याकडे व्याख्यानाला जाणं हे जेवण्याइतकंच नित्याचं. त्यातही लोक खरे थांबतात ते शेवटच्या प्रश्नोत्तरांसाठी. वक्ता तासभर बोलतो तो आपली चूक काढायला दुसऱ्याला संधी मिळावी म्हणून, अशी इथल्या श्रोत्यांची प्रामाणिक समजूत आहे. एका संध्याकाळी विषय होता गावठी दारूचे दुष्परिणाम. वक्ते होते दारू पकडणाऱ्या सरकारी खात्यातले इन्स्पेक्टर मच्छिंद्र थोपटे, मूळचे मुळशीकडचे. रुंद खांदे, जाड मिशी, आणि बोलणं असं की पेंगणारे आजोबासुद्धा सरळ बसले. घैसास पतीपत्नी आणि मी एकाच रांगेत होतो.

"मला डोळं बांधून उभं करा," थोपटे साहेब रंगात येऊन म्हणाले. "थेंबभर तळहातावर घालायचा, चोळायचा आन् वाळू द्यायचा. स्पिरिट उडून जातं. मागं ऱ्हातो तो खरा वास. गूळ असंल तर गूळ, मोह असंल तर मोह, काजू असंल तर काजू. घरात काढलेली दारू हाय आन् ती कशाची हाय ते या नाकाला वळखलं न्हाई, असं आजवर झालेलं न्हाई!"

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी दिगंबरकाका टाळ्या वाजवत नव्हते. ते चष्मा पुसत होते. चुकीचं काही कानावर पडलं की ते चष्मा पुसतात, हे मला माहीत होतं. काकूंनी त्यांच्या शर्टाचं टोक धरून ठेवलं. तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न?

काका उभे राहिले. "प्रश्न नाही. दुरुस्ती आहे."

पटांगणातल्या माना समाधानानं वळल्या.

"वक्त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे," काका म्हणाले. पुण्यात याचा अर्थ ते साफ चूक आहे असा होतो. "पण ते सरसकट लागू होत नाही. नीट केलेलं असेल तर ओळखता येत नाही."

"आसं नीट कुणी केलंय, काका?" थोपटे हसत म्हणाले.

"मी."

"कुठं?"

"घरी."

एवढ्या माणसांच्या पटांगणात मला व्यासपीठावरच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. थोपटे भला माणूस होता. त्यानं काकांना वाट काढून दिली. "काका, चेष्टा करताय तुमी," तो म्हणाला. हो म्हणून खाली बसायचं, की मिटलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, बसा काका, बसा.

"मी चेष्टा करत नाही," काका म्हणाले. "मधुमालती सोसायटी, पहिला मजला, डावीकडचं दार. बसथांब्यावर उतरलात की कुणीही सांगेल. दुपारी एक ते चार सोडून केव्हाही या." आणि मग ते बसले. अध्यक्षांनी घाईघाईनं आभार मानायला सुरुवात केली.

घरी येताना काकू भराभर पुढे चालत राहिल्या. मी मात्र सगळ्या कर्वे रस्ताभर बोलले. "काका, भरसभेत तुम्ही स्वतःहून पोलिसाला घरचा पत्ता दिलात!"

"पोलीस नव्हेत ते. त्यांचं खातं वेगळं."

"येरवड्याला कुठल्याही खात्यानं पाठवलं तरी कोठडी तीच मिळते!"

"मग काय, चुकीचं ऐकून घ्यायचं?"

"हो! सगळं जग घेतं!"

काका खाली मान घालून चालायला लागले. मला वाटलं, आता घाबरले असतील, बरं झालं. सोसायटीच्या फाटकाशी आल्यावर ते थांबले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुरुची, तो ओळखेल का गं?"

मी कपाळाला हात लावला. या माणसाला तुरुंगाची भीती नव्हती. त्याला भीती होती नापास व्हायची.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले आणि हात जोडले. तो बंब मोडा, नळी माळ्यावर टाका, कुणी आलं तर म्हणा म्हाताऱ्याची गंमत होती. काका म्हणाले, "आता मोडला तर तो म्हणेल हा माणूस थापा मारत होता." आणि त्यांनी बंबात शेवटचा घाणा चढवला. तो फणसाचा होता. काकूंच्या भावानं रत्नागिरीहून फणस पाठवले होते, ते पिकून गळायला लागले तेव्हा काकांनी त्यांचा रस आंबायला घातला होता. त्या दिवसांत सगळ्या जिन्यात फणसाचा इतका वास भरला होता की पोस्टमन खालूनच नावं पुकारायचा. कुठलंही दुसरं फळ सोपं गेलं असतं. पण काकांना सोपा पेपर नको होता. दोनदा ऊर्ध्वपातन करून झालं होतं, आता तिसरं.

दोन दिवसांनी सकाळी येतो असा थोपट्यांचा निरोप आला, आणि काकूंनी त्यांच्या परीनं तयारी केली. फणसाचं पिंप घासून पुसून गच्चीवर उन्हात पालथं घातलं. गॅलरी, मोरी, जिना, सगळं फिनेलनं धुतलं. खिडक्या उघड्या टाकल्या, धूप घातला. देवघर तर त्यांनी बंब खाली आला तेव्हाच पुढच्या खोलीत आणलं होतं. "पाहुणे सरकारी असले तरी पाहुणेच ना," त्या म्हणाल्या आणि पोहे भिजवायला गेल्या. एवढ्या गडबडीतही फोडणी चुकली नाही.

थोपटे साहेब ठरल्याप्रमाणे सकाळी आले. एकटेच, साध्या कपड्यात, मोटरसायकलवरून. मी बँकेत रजा टाकून घैसासांकडेच बसले होते. काही वेडंवाकडं झालं तर सोसायटीच्या वतीनं ओरडायला कुणीतरी हवं होतं.

"मुद्दाम एकटाच आलोय," ते काकांना म्हणाले. "जीप आणली आसती तर मला सगळंच करावं लागलं आसतं. दावा आता."

काकांनी दाखवलं. बंब, नळी, घासण्या, गोधडी, एकेक करून. नवा जावई यावा आणि सासऱ्यानं त्याला घर दाखवावं तसं. थोपटे कमरेवर हात ठेवून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं की गोधडी कशाला, तर काकांनी नळीच्या बाहेरच्या हवेचा आतल्या वाफेवर होणारा परिणाम या विषयावर असं काही सांगितलं की साहेबांनी पुढे काहीच विचारलं नाही. बंब मंद गुरगुरत होता. नळीच्या टोकातून थेंब पडत होते, आणि बरणी अर्ध्याच्या वर भरली होती.

"बरं," थोपटे म्हणाले, "आता हातावर घिऊन बघू." त्यांनी बरणी उचलली, तळहातावर चमचाभर ओतलं, चोळलं, वाळू दिलं आणि नाकाशी नेलं. काका श्वास रोखून उभे होते.

थोपट्यांच्या भुवया वर गेल्या. "वेलदोडा?"

"काय?" काका म्हणाले.

"वेलदोडा हाय ह्यात."

काकांनी बरणी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली, वास घेतला, मग आत बघितलं. तळाशी हिरवट चुरा बसला होता. ते हळूहळू काकूंकडे वळले.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात ना, तेव्हा टाकले," त्या म्हणाल्या. "मूठभर कुटून. परका माणूस घरी येणार, आणि आपल्या घरात तो दारूचा वास. मला लाज वाटली हो. म्हटलं, जरा बरा वास येईल."

 एवढी खटपट, आणि परीक्षेच्या दिवशी तिच्यात वेलदोडे! मला काकूंचा इतका राग आला, आणि त्यांच्याकडे बघून तो तितक्याच पटकन गेला.

थोपट्यांनी आधी काकूंकडे बघितलं, मग काकांकडे, मग टेबलावरच्या पोह्यांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. "म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "हा वेलदोड्याचा अर्क हाय म्हणायचा. श्रीखंडाबिखंडाला लागतो तो."

"हो, हो!" काकू म्हणाल्या.

"काकू, तुमाला न्हाई, मी काकांना इचारतोय. काका, नीट इचार करून सांगा. अर्क आसंल तर मी पोहे खातो आन् जातो. दारू आसंल तर मला फोन करावा लागंल."

कायद्यात हे बसतं की नाही ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नव्हते. मला फक्त काका माहीत होते. या माणसानं आयुष्यात चुकीच्या गोष्टीला कधी बरोबर म्हटलं नव्हतं, आणि या बरणीत काय आहे हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. पुसायला लागले. संपलं, मी मनात म्हटलं.

"शास्त्रीयदृष्ट्या बघायचं झालं तर," काका म्हणाले आणि थांबले.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. त्यांनी काकांकडे बघितलंसुद्धा नाही. खाली फरशीकडे बघत होत्या. काका त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चष्मा लावला.

"अर्क आहे," ते म्हणाले. "वेलदोड्याचा." आणि स्टुलावर बसले.

मला रडू आलं, खरंच सांगते. बाहेरच्या माणसाला हा साधा होकार वाटेल. पण त्या माणसाकडे अभिमानानं सांगण्यासारखं आता एवढंच उरलं होतं, आणि तेही त्यानं स्वतःच्या तोंडानं श्रीखंडात घालून टाकलं.

थोपट्यांनी पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा घेतले, चहा घेतला. मग उठून म्हणाले, "काका, आज संध्याकाळच्या आत हे समदं मोडायचं. पुन्यांदा चढवायचं न्हाई. उद्या दुसरा कुणी आला तर तो पोहे खाऊन जाणार न्हाई."

काकांनी मान हलवली आणि बटण बंद करायला गॅलरीत गेले. नळीच्या टोकातून शेवटचे थेंब अजून पडत होते. खाली बरणी नव्हती, ती आत टेबलावर होती. ते थेंब नुसते फरशीवर पडत होते. थोपटे चपला घालायला निघाले होते. ते थांबले, परत फिरले, आणि त्यांनी दुसरा, स्वच्छ हात नळीखाली धरला.

तीन-चार थेंब पडले. त्यांनी तळहातावर चोळले. वाळू दिले. वास घेतला. गॅलरीच्या गजांशी जाऊन बाहेरच्या हवेत नाक मोकळं करून आले आणि पुन्हा घेतला. मग आणखी एकदा. डोळे मिटून. काकांचा हात बटणावर तसाच होता. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की विचारायचं ओठांवर आलंय. पण ज्यानं आत्ताच हा वेलदोड्याचा अर्क आहे असं सांगितलं, त्यानं ओळखलंत का म्हणून विचारायचं कुठल्या तोंडानं? त्यांनी नाही विचारलं. थोपट्यांनीही काही सांगितलं नाही. रुमालाला हात पुसला, "येतो काकू," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

काका बटण बंद करून पुढच्या गॅलरीत आले. आम्ही दोघी त्यांच्या मागे. खाली थोपटे मोटरसायकलला किक मारत होते. सुरू झाली. त्यांनी हेल्मेट डोक्यावर घेतलं, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा काढलं आणि वर बघितलं.

"काका!" अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले. "न्हाई वळखलं!"

समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत आले. काकांनी दोन्ही हातांनी कठडा धरला.

"गूळ न्हाई, मोह न्हाई, काजू न्हाई, द्राक्षं न्हाईत!" साहेब खालून मोजत होते, आणि मोजताना त्यांची मान हलत होती. "वीस वरसं झाली ह्या कामात. पयल्यांदा हारलो. लई जबरदस्त! आन् आता हे मला झोपू देणार न्हाई. अर्कच हाय म्हणा, पण कशाचा हाय ते तरी सांगा की!"

काकांची छाती भरून आली. मी बघत होते. कॉलम बंद झाल्यापासून त्यांच्याकडे कुणी काही विचारायला आलं नव्हतं, आणि आज विचारणारा त्या विषयातला खरा जाणकार होता. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, आणि तेही पूर्ण द्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी श्वास घेतला, वाकले, आणि सगळ्या मधुमालती सोसायटीच्या साक्षीनं तोंड उघडलं.

"फ..."

आनंदीकाकूंनी त्यांच्या तोंडावर हात दाबला. चारचौघांत नवऱ्याच्या शेजारी कधी खुर्चीसुद्धा जवळ न ओढणाऱ्या काकूंनी, भर गॅलरीत, सगळे बघत असताना.

खाली थोपटे मोठ्यांदा हसले, हात हलवला आणि मोटरसायकल वळवली. काका कठड्याला धरून तसेच उभे होते. त्यांचे खांदे हसण्यानं गदगदत होते आणि डोळ्यांतलं पाणी काकूंच्या बोटांवरून ओघळत होतं. मोटरसायकल कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत काकूंनी हात काढला नाही.